दगड जुनेच असतात

स्कॉटलंडच्या ईशान्य कोपऱ्यात ॲबर्डीनशायर आहे. तिथल्या लेओखेल-कुशनी भागातल्या एका शेतात २०१८ च्या अखेरीस एक शिळावर्तुळ ‘सापडलं’. दहा दगड गोलात मांडलेले, त्यांतला एक भला थोरला आणि आडवा. वर्तुळात एक दगड आडवा ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही कडांना दोन उंच दगड उभे करायचे, ही खास त्या मुलखातली रीत, चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची. शेतमालकाने स्थानिक परिषदेला कळवलं. जाणकार येऊन पाहून गेले, बातम्या छापून आल्या. वर्तुळ लहान आहे आणि दगडही त्या मानाने बारके आहेत हे त्यांना जाणवलं होतं, पण मांडणी इतकी चोख होती की तो त्या वर्तुळाचा वेगळेपणाच समजला गेला. मग थोड्याच दिवसांत शेताच्या आधीच्या मालकाचा निरोप आला, की ते मी मांडलंय, १९९० च्या दशकात.

पुष्कळ लोक हसले. तज्ज्ञांची जिरली म्हणून खूश झालेलेही होते. मला त्या प्रकरणात दुसरंच काही दिसतं. त्या शेतकऱ्याने कुणाला फसवलं नव्हतं. हौस म्हणून त्याने स्वतःच्या शेतात दगड मांडले, पुढे शेत दुसऱ्याकडे गेलं. नव्या मालकाने जे दिसलं ते सरळपणे कळवलं. परिषदेच्या माणसांनी चूक लक्षात येताच ती जाहीर करून टाकली. फसवणारा कुणीच नाही, तरी फसगत झाली, कारण ‘हे मी अमुक साली मांडलं’ एवढं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. पंचवीसेक वर्षांत ते वर्तुळ हजारो वर्षांचं होऊन बसलं.

दगडाच्या बाबतीत हे फार सोपं आहे. लाकडाला वय असतं, विटेला असतं, दगडाला मात्र आपल्या कामाचं वय नसतं. विदर्भातली शिळावर्तुळं काळ्या खडकाच्या गोट्यांची आहेत आणि तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणी वर्तुळात मांडलेला गोटा, त्याच्याच शेजारचा कुणी हात न लावलेला गोटा आणि परवा एखाद्या बंगल्याच्या फाटकाशी शोभेला ठेवलेला गोटा, तिघेही एकाच वयाचे. ‘पण दगड तर जुनेच आहेत ना?’ असं कुणी म्हणालं तर उत्तर ‘हो’ असंच आहे, आणि त्या उत्तराचा काडीचा उपयोग नाही. जुनेपण मोजायचं ते माणसाने दगड तिथे आणून ठेवला त्या कृतीचं. आणि ती कृती दगडावर क्वचितच उमटते. उमटते ती दगडाखाली.

दगड रोवायला खणलेला खड्डा, तो हलू नये म्हणून भोवती ठोकलेल्या चिपा, खड्ड्याच्या तळाशी चुकून पडलेला कोळशाचा तुकडा, वर्तुळ मांडण्याआधीची जमिनीची पातळी, या सगळ्यांवरून काळ ठरतो. कोळशावरून कार्बन पद्धतीने अंदाजे काळ काढता येतो. मातीच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला तेही आता मोजता येतं. म्हणून माझं म्हणणं असं, की शिळावर्तुळाचं खरेपण मुख्यतः मातीत असतं आणि दगड ही त्याची फक्त वरून दिसणारी खूण. एकदा हे मानलं की नवी वर्तुळं, हलवलेली वर्तुळं आणि दुरुस्त केलेली वर्तुळं या तिन्हींबद्दल वेगवेगळा निवाडा करावा लागतो. सगळ्यांना ‘नकली’ म्हणून एका दावणीला बांधता येत नाही.

हलवलेल्या वर्तुळांचं आधी घेऊ, कारण खरं नुकसान तिथे होतं. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर १७८५ साली कवायतीसाठी टेकडी सपाट करताना एक महापाषाणीय, म्हणजे मोठाल्या शिळा रचून केलेलं प्राचीन थडगं उघडं पडलं. बेटाच्या लोकांनी ते आपल्या गव्हर्नरला, जनरल कॉनवेला, भेट देऊन टाकलं! त्याने दगड जहाजात घातले आणि थेम्सकाठी हेन्ली गावाजवळच्या आपल्या बागेत उभे केले. आजही ते तिथे आहेत, सुरेख दिसतात. पण थडग्याच्या जमिनीत जे काही होतं ते गेलं, आणि मूळ टेकडीवर पुढे किल्ला झाला. बागेतले ते दगड पाहून अठराव्या शतकातल्या उमरावाची आवड कळते. ज्यांनी ते मुळात रचले त्यांच्याबद्दल जेमतेम आकार कळतो.

त्याच्या उलट उदाहरण इंग्लंडच्याच नॉरफोक किनाऱ्यावरचं. तिथे दगड नव्हे, लाकडं होती. १९९८ मध्ये भरतीओहोटीच्या पट्ट्यात ओकच्या पंचावन्न खांबांचं एक वर्तुळ वर आलं, मध्यभागी उलटा पुरलेला झाडाचा प्रचंड बुंधा. समुद्र ते खाणार हे उघड होतं. ते उचलायचं ठरलं तेव्हा गावकऱ्यांनी आणि स्वतःला ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचे वारस, म्हणवणाऱ्यांनी मोठा विरोध केला. शेवटी १९९९ मध्ये ते काढलं आणि तपासलं. वर्षवलयांवरून झाडं ख्रिस्तपूर्व २०४९ च्या वसंतात किंवा उन्हाळ्यात तोडलेली निघाली. लाकडावरच्या घावांवरून निदान पन्नास वेगवेगळ्या ब्राँझच्या कुऱ्हाडी वापरल्याचं दिसलं. हे हलवणं मला मान्य आहे. तिथे ‘हलवू नका’ म्हणणं म्हणजे समुद्राच्या स्वाधीन करणं होतं, आणि हलवताना हातात काहीतरी आलं.

आपल्याकडे नागार्जुनकोंड्याचं उदाहरण आहे. कृष्णेवरच्या धरणाखाली ती सगळी दरी जाणार म्हणून १९५४ ते १९६० या काळात तिथे मोठं उत्खनन झालं, आणि निवडक वास्तू वर टेकडीवर नेऊन पुन्हा उभारल्या. त्यांत एक महापाषाणीय थडगंही आहे. स्तूप आणि विहारांच्या गर्दीत त्याच्याकडे फारसं कुणी थांबून पाहत नाही हे सोडा. पण आधी खणलं, मोजलं, काढलं आणि मग हलवलं, हा क्रम तिथे पाळला गेला. स्कॉटलंडमध्ये फाइफ भागातलं बॅलबर्नीचं वर्तुळ रस्ता रुंद करण्यासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळच हलवलं, तेही आधी उत्खनन करूनच. जर्सीला हा क्रम उलटा झाला. खरं म्हणजे तिथे क्रम नव्हताच.

दुरुस्तीचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. तो इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या जगप्रसिद्ध शिळावर्तुळाला लागू होतो म्हणून लोक जरा बिचकतात. ज्याला आपण ‘खऱ्या’चा मापदंड मानतो त्या स्टोनहेंजचे कितीतरी दगड विसाव्या शतकात काँक्रीटमध्ये बसवलेले आहेत. १९०१ मध्ये सगळ्यात उंच, कलंडलेला दगड सरळ केला. पहिल्या महायुद्धानंतर आणखी काही सावरले. १७९७ साली कोसळलेली एक अख्खी त्रिशिळा (दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवा) आणि १९०० च्या ३१ डिसेंबरला पडलेला एक उभा दगड १९५८ मध्ये परत उभारला गेला. १९६३ मध्ये आणखी एक पडला, तो पुढच्या वर्षी उभा केला. म्हणजे आज जो फोटो आपण काढून आणतो तो आपल्या आजोबांच्याही लहानपणी तसा निघाला नसता.

मग स्टोनहेंज नकली का? अजिबात नाही. कोणता दगड कधी पडला, कधी उभा केला, त्याचा खड्डा कुठे होता, हे सगळं नोंदलेलं आहे आणि दगड आपापल्या जागी परत गेले आहेत. एक गंमत मात्र सांगायलाच हवी. हलवाहलवीचं म्हणाल तर स्टोनहेंज मुळातच हलवलेल्या दगडांचं आहे. त्यातले लहान निळसर दगड दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतून आले. मधला वेदीचा म्हणतात तो दगड तर स्कॉटलंडच्या ईशान्य भागातला, सुमारे साडेसातशे किलोमीटरवरचा निघाला. ते २०२४ मध्ये सिद्ध झालं. वेल्समधलं एक जुनं वर्तुळ मोडून त्याचेच दगड तिकडे नेले असावेत असाही एक तर्क आहे, त्यावर अजून भांडण चालू आहे. यावरून काही जण म्हणतात, प्राचीन लोकांनी हलवले तर आपण का नको? कारण त्यांचं हलवणं हाच आपल्या अभ्यासाचा विषय आहे. त्यांच्या हातची मांडणी वाचता यायची तर आपण हात मागे ठेवायला हवा. ज्या पत्रावर आपणच खाडाखोड केली त्याचं अक्षर कुणाचं, हे मग कसं ओळखणार?

दुरुस्ती करायचीच तर ॲव्हबरीसारखी करावी असं माझं मत आहे. स्टोनहेंजच्या उत्तरेला असलेलं हे वर्तुळ इतकं मोठं आहे की त्याच्या पोटात एक गाव वसलेलं आहे. मध्ययुगात गावकऱ्यांनी त्यातले बरेच दगड आडवे पाडून पुरून टाकले, आणि पुढच्या काळात आगीने तापवून, पाणी ओतून, फोडून घरांना वापरले. संत्र्याच्या मुरंब्याच्या धंद्यातून गडगंज झालेल्या घराण्यातला अलेक्झांडर कायलर १९३० च्या दशकात तिथे आला. त्याने जमीन घेतली, पुरलेले दगड शोधून काढले आणि मूळ खड्ड्यांत पुन्हा रोवले. जिथे खड्डा सापडला पण दगड फुटून गेलेला होता तिथे त्याने दुसरा दगड आणून लावला नाही. काँक्रीटचा एक ठोकळा उभा केला. ते ठोकळे दिसायला कुरूप आहेत. पण ते बरोबर आहेत. दात पडलेल्या जागी सोन्याचा दात बसवावा तसे ते लांबूनच सांगतात, की इथला मूळचा गेला, हा आमचा.

आणि नवी वर्तुळं? त्यांच्याशी माझं काहीच वैर नाही. वेल्समध्ये ती गावोगाव दिसतात. त्यांची सुरुवात एका भामट्याने केली म्हटलं तरी चालेल. योलो मॉर्गानुग या कवीने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज हिलवर काही दगड गोलात मांडून कवींची सभा भरवली आणि ही प्राचीन ड्रुइडांपासून चालत आलेली परंपरा असल्याचं ठोकून दिलं. परंपरा त्यानेच रचली होती. पण वेल्श भाषेच्या वार्षिक साहित्योत्सवाने ती उचलली आणि आज ती दोनशे वर्षांची खरी परंपरा आहे. उत्सव दरवर्षी वेगळ्या गावी भरतो. पूर्वी प्रत्येक ठिकाणी दगडांचं नवं वर्तुळ रचलं जायचं, २००५ पासून फायबरग्लासचे हलके दगड वापरायला सुरुवात झाली. कुणाचीही फसगत होत नाही. त्या वर्तुळात भाषेवरचं प्रेम आहे आणि ते अस्सल आहे.

ग्लासगो शहरात साइटहिल इथे १९७९ मध्ये सूर्यचंद्राच्या उगवण्या-मावळण्याशी जुळवून एक वर्तुळ उभं राहिलं. २०१६ मध्ये पुनर्विकासासाठी ते काढलं तेव्हा लोकांनी विरोध केला, कारण जवळजवळ चाळीस वर्षांत तिथे त्यांच्या माणसांच्या आठवणी गोळा झाल्या होत्या. २०१९ मध्ये जवळच ते पुन्हा उभारलं गेलं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिलला सॅम्युअल हिलने पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांसाठी काँक्रीटचं अख्खं स्टोनहेंज बांधायला घेतलं. १९१८ च्या ४ जुलैला त्याचं समर्पण झालं. स्टोनहेंज ही नरबळीची जागा होती अशी त्याची चुकीची समजूत होती, आणि युद्धाच्या देवाला आपण अजून माणसंच बळी देतो हे त्याला सांगायचं होतं. समजूत चुकीची असली तरी स्मारक खोटं नाही, त्यावर त्याचं साल आहे.

नवं आणि तरीही अस्सल याचं उदाहरण शोधायला अमेरिकेलाही जायला नको. गडचिरोलीच्या भामरागड भागात माडिया लोक आपल्या मृतांच्या नावाने आजही दगड उभे करतात. तो दगड गेल्या वर्षीचा असला तरी त्याला कुणी प्रतिकृती म्हणणार नाही, कारण तो कशाची नक्कल करत नाही. उलट जुन्या महापाषाणांचा अभ्यास करणारे तिथे जाऊन शिकतात.

आता घरचं. मी नागपूरचा. आमच्याकडे प्रश्न ॲबर्डीनशायरच्या नेमका उलटा आहे. तिथे नव्या वर्तुळाला प्राचीन समजून मान मिळाला, इथे प्राचीन वर्तुळांना रानातले गोटे समजून कुणी मोजत नाही. काटोल रोडवर शहर मागे पडलं की जुनापाणी लागतं. तिथे सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत. माहुरझरी, टाकळघाट, खापा, नैकुंड, भागीमहारी, रायपूर-हिंगणा, अशी यादी लांबत जाते. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातली ही थडगी. लोखंडी कुऱ्हाडी, काळ्या-तांबड्या रंगाची भांडी, मणी, आणि माहुरझरीला तर घोड्यांसोबत त्यांचे तांब्याचे दागिने. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली.

या दगडांसाठी एका स्कॉटिश माणसाचा जीवही गेला आहे. ज्याच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे तो पाद्री स्टीफन हिस्लॉप. टाकळघाटची वर्तुळं त्यानेच प्रथम नोंदवली. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये तिथलं काम पाहून परतताना रात्री पुराच्या ओढ्यात तो बुडाला. पुढे रिव्हेट-कार्नॅक नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळं खणली. काही गोट्यांवर वाटीसारखे लहान लहान खळगे कोरलेले त्याने पाहिले आणि युरोपातल्या दगडांवरही असेच खळगे असतात हे लिहून ठेवलं. मग १९६० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथे काम केलं, आणि मग विदर्भभर शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

मागे एका लग्नात आमच्या मामांशी यावर गाठ पडली. मामा निवृत्त इंजिनिअर. ते म्हणाले, ‘‘अरे, एवढी वर्तुळं पडली आहेत तिकडे, कोण जातं पाहायला? दहा-वीस क्रेनने उचला अन् शहरात फुटाळा तलावावर नेऊन मांडा. लोकं पाहतील तरी न!’’ हे म्हणणं मूर्खपणाचं नाही. शहर त्या बाजूला वाढतं आहे, लेआउट पडत आहेत, मुरूम उचलला जातो, शेताच्या धुऱ्याला गोटे लागतात. ज्या जागा संरक्षित आहेत त्यांच्याभोवती कायद्याने शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण आहे. पण प्रत्येक वर्तुळ काही त्या यादीत नाही.

तरीही मामांना माझं उत्तर ‘नाही’ असंच होतं, आणि त्याचं कारण ते खळगेच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मयंक वाहिया यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनापाणीच्या वर्तुळांची दिशा मोजून पाहिली. खळगे कोरलेले दगड वर्तुळात कुठेही विखुरलेले नाहीत, ते काही ठराविक दिशांनाच येतात, असं त्यांना आढळलं. त्याचा अर्थ आकाशाशी लावायचा की आणखी कशाशी, यावर मतभेद होऊ शकतात. पण हा प्रश्न विचारता आला तो केवळ दगड जागचे हलले नव्हते म्हणून. रिव्हेट-कार्नॅकला हा प्रश्न सुचलासुद्धा नव्हता. उद्या त्याने ते गोटे सिव्हिल लाइन्सच्या एखाद्या बागेत आणून छान गोलात मांडले असते, तर दगड राहिले असते, खळगेही राहिले असते, दिशा गेली असती. आणि ती गेली हेही आपल्याला कळलं नसतं. पन्नास वर्षांनी लोक काय विचारतील ते आज आपल्याला माहीत नाही, म्हणून हात लावायची घाई नको.

फुटाळ्यावर वर्तुळ हवंच असेल तर खाणीतून नवे दगड आणावेत आणि जुनापाणीच्या एखाद्या वर्तुळाची मापं घेऊन ते हुबेहूब बांधावं. खळगेही कोरावेत, त्याच दिशेला. शाळेच्या सहलींनी त्यावर चढावं, फोटो काढावेत. फक्त मोठ्या अक्षरात साल आणि बांधणाऱ्याचं नाव कोरावं, फळीवर नको, दगडातच, कारण फळ्या दोन पावसाळ्यांत जातात. महामार्ग किंवा धरणाच्या आड खरोखरच एखादं वर्तुळ आलं आणि दुसरा इलाजच उरला नाही, तर नागार्जुनकोंड्याचा क्रम पाळावा. पूर्ण उत्खनन, प्रत्येक दगडाला क्रमांक, त्याचं कोणतं अंग कोणत्या दिशेला होतं, किती खोल होतं, आणि नव्या जागी ‘हे इथलं नाही’ हे सांगणारी खूण. आणि जी वर्तुळं शेतांत, झुडपांत, संरक्षणाबाहेर पडली आहेत त्यांची निदान मोजदाद करून सातबाऱ्यावर नोंद व्हावी. हे काम क्रेनपेक्षा स्वस्त आहे. त्याचं उद्घाटन करता येत नाही, एवढीच अडचण.

मामांना हे पटलं नाही. ‘‘तू फार किचकट करून राहिला,’’ म्हणाले. डिसेंबरात मी त्यांना गाडीत घालून जुनापाणीला नेलं. बराच वेळ ते कंटाळल्यासारखे फिरत होते. एका गोट्यापाशी वाकले, खळग्यात अंगठा घातला, मग शेजारच्या खळग्यात. हे पोरांनी तर नाही ना केलं, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर उठले, खिशातून मोबाइल काढला आणि त्यातलं होकायंत्र उघडून त्या दगडासमोर उभे राहिले.